दर्या, दऱ्या आणि वसई फाटा

वसईच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला, तुंगारेश्वरच्या रांगेत, दऱ्या आहेत. कागदावर लिहिताना या दोन शब्दांत फरक आहे तो एका अर्ध्या ‘र’चा. पहिल्यात तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात पापणीसारखा आडवा होऊन ‘य’च्या आधी उभा राहतो. आचार्यांना द्यायची दक्षिणा आणि आचाऱ्यांना द्यायची मजुरी यांतला फरकही याच पापणीवर अवलंबून आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा हे सगळे शब्द तिच्याशिवाय लिहिता येत नाहीत. हिंदीला तिची गरज पडत नाही, संस्कृतलाही नाही. देवनागरी वापरणाऱ्या मोठ्या भाषांत ती मराठीची खासियत आहे. नेपाळात नेपाळी आणि नेवारी लिहिणाऱ्यांनाही ती लागते, पण संगणकाच्या बाजारात त्यांचे वजन आपल्याहूनही कमी होते.

ही पापणी आज कोणत्याही संगणकावर निमूटपणे उमटते. तिला तिथवर पोचायला सुमारे पंधरा वर्षे लागली. त्या पंधरा वर्षांची हकीकत साहित्याच्या इतिहासात येत नाही, कारण ती घडली संगणकतज्ज्ञांच्या कोठीघरात. ती घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नव्हते. काही थोडे मात्र जुहूला आणि पुण्याला बसून काम करत होते.

आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. संगणकातली ‘लायब्ररी’ म्हणजे वाचनालय नव्हे. अनेक प्रोग्रॅमांना सारखे लागणारे एखादे काम एकदाच नीट करून ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने ते वापरायचे, अशी ती सामायिक हत्यारपेटी असते. अशी पेटी ‘मुक्तस्रोत’ असेल, म्हणजे तिची मूळ आज्ञावली उघडी असेल, तर कोणीही तिची प्रत घेऊन आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकतो. बदललेली प्रत मुळापासून वेगळी वाटचाल करू लागली की इंग्रजीत तिला ‘फोर्क’ म्हणतात. मी ‘फाटा’ म्हणेन. वसईच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई फाटा आहे. तिथून गावाकडे वळलेला रस्ता महामार्गाचाच असतो आणि नसतोही. त्याचे खड्डे कोणी बुजवायचे हा प्रश्न फाट्यापाशीच सुरू होतो. पुढच्या साऱ्या हकीकतीत हाच प्रश्न आहे.

दुसरा शब्द ‘वितरण’. लिनक्स हे एकसंध उत्पादन नाही. हजारो स्वतंत्र प्रकल्प गोळा करून, एकमेकांशी जुळवून, एका सुरात बसवून देणाऱ्या संस्था असतात, त्यांना वितरणे म्हणतात. १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केलेले डेबियन हे त्यांतले एक जुने आणि सर्वस्वी स्वयंसेवकांचे. रेड हॅट कंपनीच्या आश्रयाने २००३ साली उभे राहिलेले फेडोरा हे दुसरे. या वितरणांत प्रत्येक लायब्ररीचे ‘पॅकेज’ करणारी माणसे असतात. ती आज्ञावली लिहीत नाहीत. ती पारखतात, निवडतात, नाव देतात, परवाना तपासतात आणि बिघाड झाला तर उत्तर देतात. जुन्या वाड्यात कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला असे, त्याच्यासारखे त्यांचे स्थान असते. घरात धान्य कितीही येवो, ताटात काय पडणार हे किल्लीवाला ठरवतो.

आता पापणीकडे येऊ. संगणक अक्षरांची चित्रे साठवत नाही, अक्षरांचे क्रमांक साठवतो. भारतीय मानक संस्थेच्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत आणि तिच्यावरून घडलेल्या युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात पापणीला स्वतंत्र क्रमांक नाही. ती घडवावी लागते. तिच्या पाककृती दोन आहेत. पहिली अशी : ‘र’, त्यापुढे हलन्ताचे चिन्ह, त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. दुसरी अशी : नुक्त्याचा ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. हा नुक्त्याचा ‘ऱ’ तक्त्यात ठेवला गेला तो द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून. त्याला अर्धे केले की मराठीची पापणी उमटावी, ही तजवीज इस्कीने केली आणि युनिकोडने ती नियम म्हणून उचलली. त्या नियमाशेजारी मराठीचे नाव आजही छापलेले आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर लिहिणारे शिफ्ट दाबून ‘र’ची कळ मारतात आणि मग हलन्ताची, आपण तमिळ-मल्याळमसाठी राखलेले अक्षर वापरतो आहोत हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

क्रमांकांच्या या माळेवरून पडद्यावरचे चित्र बनवायचे तर मध्ये कुणीतरी हिशेब करणारा हवा. रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, ऱ्हस्व वेलांटी मागे सरकवायची, ‘क’ आणि ‘ष’ एकत्र आले तर ‘क्ष’ काढायचा, आणि ‘र’पुढे अदृश्य जोडक दिसला तर रफार न करता पापणी काढायची. रोमन लिपीला यातले जवळजवळ काहीच लागत नाही. त्यामुळे पाश्चात्त्यांनी लिहिलेल्या सुरुवातीच्या लिनक्समध्ये हा हिशेबनीस नव्हताच. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बसवला. त्यासोबत आलेला मंगल हा टंक घडवला होता र. कृ. जोशी यांनी. जाहिरातक्षेत्र, मग मुंबईच्या आयआयटीतले औद्योगिक अभिकल्प केंद्र आणि त्यानंतर जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, असा या सुलेखनकाराचा प्रवास होता.

याच जुहूच्या केंद्रात, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्यासाठी एक धाडसी काम झाले. त्याचे नाव इंडिक्स. लिनक्सवर पडद्याची सगळी रंगरंगोटी ‘एक्स विंडो’ नावाची यंत्रणा करत असे. इंडिक्सच्या कर्त्यांनी विचार केला की प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा सुधारत बसण्यापेक्षा या एक्सच्या पोटातच हिशेबनीस बसवावा, म्हणजे वरचा कोणताही जुना प्रोग्रॅम न बदलता देवनागरी दाखवू लागेल. कल्पना मुळातून चुकीची नव्हती. मुंबईतच तेव्हा इंडलिनक्स नावाचा स्वयंसेवकांचा गट लिनक्सच्या पडद्यावरचे शब्द भारतीय भाषांत आणण्याच्या खटपटीत होता. भाषांतर केलेले शब्द पडद्यावर धड उमटणार नसतील तर भाषांतराचा उपयोग काय, ही त्यांची अडचण इंडिक्स सोडवू पाहत होते.

पण इंडिक्स हा फाटा होता. एक्सची एक प्रत घेऊन तिच्यात केलेले ते बदल होते. ते मूळ एक्समध्ये सामावले गेले नाहीत, आणि मोठ्या वितरणांच्या रोजच्या पॅकेजांतही पोचले नाहीत. ज्याला हवे त्याने आपल्या संगणकातला एक्स काढून हा बदललेला एक्स बसवायचा. एवढे धाडस करणारे थोडेच असतात.

त्यातच दोन गोष्टी घडल्या. पहिली ही, की अक्षरे काढण्याचे काम एक्सकडून निघून वरच्या प्रोग्रॅमांकडे, त्यांच्या लायब्रऱ्यांकडे जाऊ लागले. इंडिक्सने ज्या खोलीत हिशेबनीस बसवला होता त्या खोलीतून दुकानच हलले. दुसरी गोष्ट अधिक नाट्यमय. लिनक्सवर तेव्हा चालणारी एक्सची आवृत्ती होती एक्सफ्री८६. फेब्रुवारी २००४ मध्ये तिच्या चालकांनी परवान्यात श्रेयोल्लेखाची एक अट वाढवली. अट वरवर पाहता निरुपद्रवी होती, पण ती सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीपीएल परवान्याशी जुळत नाही असे वितरणांच्या पॅकेजकारांचे मत पडले. त्यांनी नवी आवृत्ती घ्यायचे नाकारले. एप्रिलमध्ये जुन्या परवान्याच्या आवृत्तीवरून एक्स-डॉट-ऑर्ग हा फाटा निघाला आणि मे महिन्यात फेडोरा कोअर २ तोच घेऊन बाहेर पडले. एक्सफ्री८६ कुणी बंद केले नाही. किल्लीवाल्यांनी कोठीत घेतले नाही, एवढेच. काही वर्षांत ते विस्मृतीत गेले. एक फाटा महामार्ग झाला आणि दुसरा, जुहूचा, महामार्गासकट ओस पडला. एनसीएसटी तोवर सी-डॅकमध्ये विलीन झाले होते.

इंडिक्सबद्दल मला स्वतःला हळहळ वाटते. सरकारी पैशाने झालेले काम फुकट गेले असा ठरीव सूर लावणे सोपे आहे. पण ते काम करणाऱ्यांची अक्षरांची जाण कमी नव्हती. र. कृ. जोशींसारखा माणूस हाताशी असलेली दुसरी कोणती चमू जगात तेव्हा या प्रश्नावर बसली होती? कमी पडली ती कोठीशी असलेली सोयरीक. एखादे काम प्रकल्प म्हणून मंजूर होते, प्रकल्प म्हणून पूर्ण होते आणि अहवाल देऊन संपते. मूळ आज्ञावलीत आपले बदल मान्य करून घेण्यासाठी वर्षानुवर्षे करावा लागणारा पत्रव्यवहार कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

मग लिनक्सवर देवनागरी आली कुठून? एकाच ठिकाणाहून नाही, आणि गोंधळ तिथेच झाला. फ्रीटाइप नावाची टंक वाचणारी एक जुनी लायब्ररी होती. तिच्या पहिल्या आवृत्तीत ओपनटाइप टंकांतले अक्षरजोडणीचे तक्ते वाचण्याची सोय होती. दुसऱ्या आवृत्तीत कर्त्यांनी ती वगळली. वगळलेला तो तुकडा रेड हॅटच्या ओवेन टेलर यांनी उचलून पांगो या लायब्ररीत घातला. (पांगो हे नाव ग्रीक ‘पान’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांचा संकर आहे.) पांगोमधला भारतीय लिप्यांचा हिशेब आला आयबीएमच्या आयसीयू या प्रकल्पातून, तोही प्रत करूनच. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने आपल्या क्यूट या लायब्ररीसाठी फ्रीटाइपचा तोच वगळलेला तुकडा घेतला आणि भारतीय लिप्यांचा हिशेब स्वतंत्रपणे लिहिला. ओपनऑफिस आयसीयूचे मांडणीयंत्र थेट वापरत राहिले.

म्हणजे २००५ च्या सुमारास, एकाच संगणकावर, एकच टंक वापरून ‘दऱ्या’ हा शब्द लिहिला तर नोम पडद्यावर तो पांगोच्या हिशेबाने उमटे, केडीई पडद्यावर क्यूटच्या आणि ओपनऑफिसच्या कागदावर आयसीयूच्या. एकीकडे पापणी येई, दुसरीकडे रफार, तिसरीकडे पाय मोडका ‘र्’ आणि त्याच्या शेजारी उघडा ‘या’. तक्रार करायची तर तीन ठिकाणी करायची. एका ठिकाणची चूक दुरुस्त झाली तरी दुसऱ्या दोन प्रतींना तिचा पत्ता नसे.

प्रतींच्या या सुळसुळाटाला पॅकेजकार का वैतागतात याला एक प्रसिद्ध कारण आहे. मार्च २००२ मध्ये झेडलिब या फायली दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा लायब्ररीत एक धोकादायक चूक उघडकीस आली. ती शोधणाऱ्यांत पांगोवाले ओवेन टेलरही होते. लायब्ररीतली चूक दुरुस्त करायला वेळ लागला नाही. पण झेडलिबची प्रत आपल्या पोटात घालून घेतलेले प्रोग्रॅम इतके निघाले की कोणाकोणाच्या पोटात काय आहे याचा शोध घेणे हेच मोठे काम होऊन बसले. दुरुस्त झालेली चूक शेकडो प्रतींत जिवंत राहिली. डेबियनच्या धोरणात पोटातल्या प्रतींबद्दल स्पष्ट नापसंती आहे, आणि त्यांच्या सुरक्षा गटाने अशा प्रतींची एक यादीच ठेवली होती. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्यासोबत लायब्ररीची प्रत आणली तर पॅकेजकार ती काढून टाकतो आणि त्या प्रोग्रॅमला कोठीतली सामायिक प्रत वापरायला लावतो. मूळ कर्त्यांना हे पुष्कळदा आवडत नाही. आमच्या प्रतीत आम्ही चार बदल केले आहेत, ते तुमच्या प्रतीत नाहीत, असे ते म्हणतात. पॅकेजकार विचारतो, मग ते चार बदल मुळात का नाही पाठवले?

लिप्यांच्या बाबतीत हा प्रश्न पांगो आणि क्यूटच्या लोकांनी स्वतःच स्वतःला विचारला. २००६ साली बॉस्टनला भरलेल्या एका बैठकीत दोन्ही प्रतींचे एकत्रीकरण करायचे ठरले. सामायिक लायब्ररीला नाव दिले हार्फबझ. हे काम पुढे ज्यांनी खांद्यावर घेतले ते बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडे. ‘ओपनटाइप’चे ते शब्दशः फारसी भाषांतर आहे. पेशवाईतल्या मोडी कागदांवर नजर फिरवलेल्या कोणालाही या नावाचे फारसे परकेपण वाटू नये. परवाना असा निवडला की रेड हॅट, ट्रोलटेक आणि पुढे येणारा कोणीही तो कटकटीविना स्वीकारू शकेल. एक्सफ्री८६ चे उदाहरण ताजे होते.

एकत्रीकरण मात्र पहिल्या खेपेला साधले नाही. जुना हार्फबझ स्वतंत्र लायब्ररी म्हणून कधी धड प्रसिद्धच झाला नाही. तो पांगोच्या आणि क्यूटच्या पोटातच राहिला. शेवटी एस्फहबोद यांनी जुने सोडून सगळे नव्याने लिहायला घेतले. भारतीय लिप्यांचा भाग २०११-१२ मध्ये आकाराला आला. त्यांची पद्धत सांगण्याजोगी आहे. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांनी विकिपीडियावरून प्रत्येक लिपीतले शब्द गोळा केले. देवनागरीचे सात लाखांवर शब्द जमले. प्रत्येक शब्द मायक्रोसॉफ्टच्या हिशेबनिसाकडून आणि आपल्या हिशेबनिसाकडून काढून घ्यायचा आणि कुठे फरक पडतो ते पाहायचे. आज्ञावलीत एकेक बदल केला की किती शब्द जुळले आणि किती चुकले याचा आकडा ते बदलाच्या नोंदीत लिहून ठेवत. चुका कमी होत होत शंभराच्या आत आल्या. लिपी न जाणणाऱ्या माणसाने ती अचूक करण्यासाठी केलेला हा खटाटोप, लिपी जाणणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या आस्थेपेक्षा जास्त भरेल.

२०१२ साली पांगोने आपल्या पोटातली प्रत काढून टाकली आणि हार्फबझवर भार टाकला. क्यूटनेही जुनी प्रत हळूहळू सोडली. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या लिबरऑफिसच्या ५.३ या आवृत्तीपासून ते सर्व प्रकारच्या संगणकांवर हार्फबझ वापरू लागले. लिबरऑफिस हाही फाटाच, २०१० साली ओपनऑफिसमधून निघालेला आणि मुळाहून मोठा झालेला. आयसीयूने आपले मांडणीयंत्र मोडीत काढले आणि गरजूंना हार्फबझचा रस्ता दाखवला. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडचे फोनही त्याच वाटेने आले. आता ‘दऱ्या’ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी उमटत नाही.

हार्फबझ कोठीत कसा आला, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. डेबियनमध्ये नवे पॅकेज आणायचे तर आधी तसा मनोदय जाहीर करावा लागतो, म्हणजे दोघे जण एकच काम करत बसत नाहीत. मग मूळ आज्ञावलीशेजारी ‘डेबियन’ नावाची एक पिशवी तयार करायची. तिच्यात एका फायलीत नाव, वर्णन आणि कशाकशावर अवलंबून आहे याची यादी. एका फायलीत बांधणीची कृती. एकीत बदलांची रोजनिशी. आणि एकीत स्वामित्वहक्कांचा तपशील. ही शेवटची फाईल सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक फाईल कोणी लिहिली, कोणत्या परवान्याने दिली, हे तपासून लिहायचे. हार्फबझसारख्या, चार घरचे पाणी पिऊन आलेल्या लायब्ररीत ही वंशावळ लांबलचक होते. नवे पॅकेज मग एका रांगेत उभे राहते आणि भांडाराची जबाबदारी असलेले मोजके लोक ही वंशावळ वाचून आत घेतात किंवा परत पाठवतात.

फाट्याचे पॅकेज करताना याहून नाजूक प्रश्न असतो तो नावाचा. दोन लायब्रऱ्या एकाच नावाची फाईल एकाच जागी ठेवू पाहतील तर दोन्ही एका संगणकावर नांदू शकत नाहीत. पॅकेजकाराला लिहून द्यावे लागते की हे पॅकेज त्याच्याशी भांडते, किंवा हे त्याची जागा घेते, किंवा हे त्याचे काम करून देते. शिवाय लायब्ररी आणि ती वापरणारे प्रोग्रॅम यांच्यात एक अलिखित करार असतो. करार मोडला तर लायब्ररीने आपल्या नावामागचा आकडा वाढवायचा, म्हणजे जुने प्रोग्रॅम चुकून नव्या लायब्ररीवर विसंबणार नाहीत. नव्या, घाईत वाढणाऱ्या प्रकल्पांत कधी करार मोडतो आणि आकडा तसाच राहतो. तेव्हा डेबियनचे पॅकेजकार आपल्याकडून मागे एखादे अक्षर जोडतात. डेबियनमध्ये हार्फबझच्या पॅकेजाचे नाव लिबहार्फबझ० होते, मग ०ए झाले, मग ०बी. २०१५ सालच्या डेबियन ८ मध्ये ते ०बी होते, २०२३ सालच्या डेबियन १२ मध्येही ०बीच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या धांदलीची ही एकमेव खूण, कोट्यवधी संगणकांवर, कोणी न वाचता पडून आहे. जुन्या सातबाऱ्यावरच्या फेरफाराच्या नोंदीसारखी ती मला वाटते.

पॅकेजकारांचे निर्णय नेहमी बरोबर ठरतात असे नाही. २०११ साली चित्रफिती चालवणाऱ्या एफएफएमपेग या लायब्ररीत दुफळी माजली आणि लिबएव्ही हा फाटा निघाला. डेबियनने फाट्याची बाजू घेतली. तेव्हापासून ‘एफएफएमपेग’ ही आज्ञा दिली की ती आता जुनी झाली, दुसरी वापरा, असा निरोप पडद्यावर येई. मूळ प्रकल्प जिवंत असून जोमात असताना. २०१५ च्या जुलैत डेबियनने माघार घेतली आणि मुळाकडे परतले. चार वर्षे लाखो लोकांनी कोठीतून जे आले ते वापरले, त्यांना वाद ठाऊकही नव्हता.

पुण्याचा भाग राहिला. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयात भारतीय भाषांवर काम करणारी चमू होती. २००४ मध्ये लोहित हे टंक मुक्त परवान्याने आले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या तांबड्या टोपीला अनुसरून. २०११ साली त्यांचा परवाना टंकांसाठीच घडवलेल्या अधिक मोकळ्या परवान्यात बदलला. फेडोरातल्या हार्फबझच्या पॅकेजाच्या रोजनिशीत पुण्याच्या अभियंत्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे सापडतात. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये, फेडोराच्या कार्यकर्त्यांचे संमेलन पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरले होते. २०१५ साली पुन्हा पुण्यातच भरले.

लोहितमध्ये सुरुवातीला हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी असे वेगवेगळे टंक होते. अक्षरे बहुतेक सारखीच, त्यामुळे एका टंकातली दुरुस्ती बाकीच्यांत न्यायची राहून जाई. हा रोग आपण वर पाहिलाच. ते सगळे पुढे लोहित देवनागरी या एका टंकात गोळा झाले. मात्र मराठीला पूर्ण सामावून घेता आले नाही. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. हिंदीचे तसे नाहीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची जी प्रमाणरूपे ठरवली त्यांतही ही दोन आहेत. ओपनटाइप टंकात भाषेप्रमाणे अक्षराचे रूप बदलण्याची सोय असते, हार्फबझला ती कळते, पण मजकूर मराठी आहे हे कोणीतरी हार्फबझला सांगावे लागते. पुष्कळ प्रोग्रॅम सांगतच नाहीत. म्हणून डेबियनमध्ये फाँट्स-लोहित-देवा या पॅकेजाशेजारी फाँट्स-लोहित-देवा-मराठी हे वेगळे पॅकेज आहे. दोन अक्षरांसाठी राखलेला हा फाटा मला गैर वाटत नाही. त्याचा मूळ रस्त्याशी रोजचा संबंध आहे, इंडिक्सचा नव्हता.

एक गोष्ट हार्फबझनेही सुटलेली नाही. वसईतल्या ज्या छोट्या वाचनालयाच्या सूचीचे काम मी पाहतो, तिथे ‘किनाऱ्या’ने सुरू होणारी पुस्तके शोधली की अर्धीच सापडत. बाकीची कपाटात होती, सूचीतही होती. नोंदी दोन माणसांनी केल्या होत्या. एकाने नुक्त्याचा ‘ऱ’ वापरला, दुसऱ्याने ‘र’ आणि अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, कारण दोन्ही पाककृतींतून पापणी काढायला हार्फबझ चोख शिकला आहे. चित्र एक झाले, पण आतले क्रमांक दोनच राहिले. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोन रूपांना एक मानत नाही. तीन हिशेबनीस होते तेव्हा निदान चूक डोळ्यांना दिसत असे. सूचीतले सगळे जोडक शोधून त्यांच्या जागी नुक्त्याचा ‘ऱ’ घालायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

हार्फबझच्या मूळ आज्ञावलीत चाचणीसाठी जमवलेल्या शब्दांचा एक कप्पा आहे. त्यात देवनागरीच्या खणात एका फायलीचे नावच ‘आयलॅश’, म्हणजे पापणी, असे आहे. शेजारच्या खणावर ‘यूटीआरआरएस’ ही अक्षरे आहेत. युनिकोड मजकूर पडद्यावर कसा दिसायला हवा याचे नमुने गोळा करणाऱ्या, पुण्यात चाललेल्या प्रकल्पाचे ते आद्याक्षरी नाव आहे.